वीस बाजूंचा फासा आणि अद्भुतकथांची देवघेव

जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या तळ्याकाठच्या छोट्या गावातून एक नवा खेळ विक्रीला निघाला. लाकडाचा भास व्हावा अशा कागदाने मढवलेले खोके, आत तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर. खोक्यात पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या, फासेसुद्धा वेगळे विकत घ्यावे लागत. खेळ संपतो कधी आणि जिंकतो कोण, हे तिन्ही पुस्तिका वाचूनही कळले नसते, कारण या खेळात कोणी जिंकतच नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. हजार प्रतींची पहिली आवृत्ती वर्षभराच्या आत संपली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय खेळणी सन्मान-दालनात झोपाळ्याच्या बरोबरीने या खेळाची नोंद झाली.

आज संगणकावरचा कोणताही साहसी खेळ उघडला की ‘लेव्हल’, ‘हिट पॉइंट’, ‘एक्सपीरियन्स पॉइंट’ हे शब्द समोर येतात. त्यांचे मूळ याच पुस्तिकांत आहे. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेतील मुले आपल्या गावातल्या संकटांना डेमोगॉर्गन, माइंड फ्लेअर, वेक्ना अशी नावे देतात, तीही याच खेळातली. पण हा खेळ समजून घ्यायचा तर संगणकापेक्षा पुस्तकांच्या कपाटाकडे आधी जायला हवे. भरपूर वाचणाऱ्या माणसांनी आपल्या आवडत्या गोष्टी नियमांत बसवल्या आणि पुढे त्या नियमांतून पुन्हा गोष्टी निघाल्या. या खेळाचे सगळे नवल या देवघेवीत आहे.

युद्धाच्या सरावापासून तळघरापर्यंत

टेबलावर युद्ध खेळण्याची कल्पना जुनी आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील राइस्विट्झ या तरुण अधिकाऱ्याने आपल्या वडिलांनी सुरू केलेला युद्धखेळ सुधारून त्याचे नियम छापले. नकाशावर पलटणी हलवायच्या, चकमकीचा निकाल फाशांनी लावायचा आणि वादाच्या जागी पंचाचा शब्द अखेरचा मानायचा. प्रशियाच्या अधिकाऱ्यांचे शिक्षण या खेळावर होऊ लागले. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून तोच प्रकार खेळण्यातल्या सैनिकांसह दिवाणखान्यात आणला.

अमेरिकेत १९६०च्या दशकात अशा युद्धखेळांची मंडळे जोमात होती. १९६९ मध्ये मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातील ब्राउनस्टाइन नावाचे काल्पनिक जर्मन गाव उभे केले आणि प्रत्येक खेळाडूला पलटणीऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली. खेळाडू लढाई विसरून आपसांत खलबते करू लागले आणि सगळा डाव विस्कटला. प्रयोग फसला असे वेस्लींना वाटले; खेळाडूंनी मात्र असाच डाव पुन्हा मांडा म्हणून लकडा लावला.

त्या खेळाडूंपैकी एक होता डेव्ह आर्नेसन. त्याने १९७१च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ नावाचा किल्ला रचला आणि खेळाडूंना त्याच्या तळघरातल्या भुयारांत उतरवले. त्याच वर्षी लेक जिनीव्हाच्या गॅरी गायगॅक्सने एका सहकाऱ्यासह ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक काढले होते. त्याला जोडलेल्या पुरवणीत जादूगार आणि ड्रॅगन होते. आर्नेसनने ते नियम वापरले आणि त्यांत स्वतःची भर घातली. एका फटक्यात पात्र मरू नये म्हणून त्याला जीवशक्तीचे ठरावीक गुण दिले, ही कल्पना चिलखती जहाजांच्या एका खेळातून घेतलेली. एका डावातून वाचलेले पात्र पुढच्या डावात आणखी अनुभवी होऊन येई, हीही त्याचीच सोय. १९७२च्या अखेरीस आर्नेसनने लेक जिनीव्हाला येऊन हा प्रकार गायगॅक्सला खेळवून दाखवला.

गायगॅक्स विमा कंपनीत कामाला होता. १९७० मध्ये ती नोकरी सुटल्यावर तो घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवत होता. आर्नेसनची टिपणे घेऊन त्याने नियम पुन्हा लिहून काढले. कोणी प्रकाशक पुढे येईना, तेव्हा बालमित्र डॉन के याच्यासह १९७३ मध्ये त्याने ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ ही कंपनी काढली. पुढे ती ‘टीएसआर’ या आद्याक्षरांनी ओळखली गेली. श्रेय आणि मानधन यांवरून गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्यात पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. तरी निवाडा सरळ आहे. आर्नेसनशिवाय हा खेळ सुचला नसता आणि गायगॅक्सशिवाय तो छापला गेला नसता.

टेबलाभोवती काय घडते

चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक जण ‘डंजन मास्टर’. जगाचे वर्णन करणे, वाटेत भेटणाऱ्या सगळ्यांची भूमिका करणे आणि निकाल देणे ही त्याची कामे. बाकीचे प्रत्येकी एक पात्र सांभाळतात. पात्राला सहा गुण असतात: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप पाडण्याची हातोटी. मूळ नियमांत प्रत्येक गुणासाठी साधे तीन फासे टाकून बेरीज करायची. बेरीज ३ ते १८ यांमध्ये येते, बहुतेक वेळा दहा-अकराच्या आसपास. अठरा पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक. म्हणून असामान्य बळाचे पात्र हाती लागले की खेळाडू ते जपत असे.

एक प्रसंग जवळून पाहू. डंजन मास्टर सांगतो: भुयार डावीकडे वळते, पुढे मशालीचा उजेड आहे आणि कोणीतरी दबक्या आवाजात बोलत आहे. एक खेळाडू म्हणतो, मी भिंतीला चिकटून पुढे सरकतो. दुसरी म्हणते, मी त्यांच्या भाषेत हाक मारून पाहते. नियमपुस्तकात या हाकेसाठी वेगळे कलम नाही. हाक कितपत पटण्यासारखी आहे हे डंजन मास्टर ठरवतो, एक आकडा मनाशी धरतो आणि वीस बाजूंचा फासा टाकायला सांगतो. हाक फसली, बोलणाऱ्यांपैकी गॉब्लिन नावाचा जीव अंगावर धावून आला, तर मग पक्के नियम लागू होतात. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत सामान्य गॉब्लिनचा बचावाचा आकडा १५ आणि जीवशक्ती ७. खेळाडूला हल्ल्यासाठी पाचाची भर मिळत असेल तर फाशावर दहा किंवा अधिक पडायला हवेत, म्हणजे शंभरात पंचावन्न वेळा वार बसेल. वार बसला तर आठ बाजूंचा फासा टाकून इजा किती झाली ते मोजायचे.

बुद्धिबळात घोडा अडीच घरे चालतो, त्याबाहेर काही करू शकत नाही. येथे खेळाडूला जे सुचेल ते तो करू पाहतो, आणि त्याचे फलित काय हे माणूस व फासा मिळून ठरवतात. पंचाची ही जागा थेट प्रशियाच्या युद्धखेळातून आलेली आहे.

वर्गातून आलेले फासे

सहा बाजूंचा फासा सगळ्यांच्या ओळखीचा. या खेळात चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचेही फासे लागतात. सर्व बाजू एकसारख्या आणि नियमित असलेल्या, शिवाय प्रत्येक कोपऱ्यात तितक्याच बाजू एकत्र येणाऱ्या बहिर्वक्र घनाकृती पाचच आहेत, हे प्राचीन ग्रीक गणितज्ञांना ठाऊक होते. त्या पाचही या खेळात फासे म्हणून आल्या. सुरुवातीला हे फासे कॅलिफोर्नियातील एका शैक्षणिक साहित्य विकणाऱ्या कंपनीकडून मागवले जात. तेथे ते शाळेत गणित शिकवण्यासाठी ठेवलेले असत. वीस बाजूंच्या फाशावर तेव्हा शून्य ते नऊ हे आकडे दोनदा कोरलेले असायचे. एक ते वीस मोजायचे तर निम्म्या बाजू वेगळ्या रंगात रंगवाव्या लागत. पुढे आलेल्या काही संचांत आकडे नुसतेच कोरलेले असत आणि सोबत मेणाचा खडू मिळे. तो घासून खाचा आपणच भरायच्या. दहा बाजूंचा फासा त्या पाच घनाकृतींत मोडत नाही, तो १९८०च्या सुमारास आला.

वीस बाजूंचा फासा स्वतः मात्र नवा नाही. टॉलेमी राजांच्या काळातील इजिप्तमध्ये घडवलेला, ग्रीक अक्षरे कोरलेला तसला दगडी फासा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाहायला मिळतो.

पुस्तकांची उधारी

हा खेळ म्हणजे टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची टेबलावरची आवृत्ती, असा सर्वसाधारण समज आहे. त्यात तथ्य आहे, पण थोडे. टॉल्किनची ही कादंबरी १९५४-५५ मध्ये इंग्लंडात आली. अमेरिकेत १९६५ मध्ये तिच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि कॉलेजांतून तिचे वेड पसरले. त्या लाटेत जुन्या अद्भुतकथांचेही पुनर्मुद्रण झाले. टेक्सासच्या रॉबर्ट हॉवर्डने १९३२ पासून ‘वीअर्ड टेल्स’ या मासिकात लिहिलेल्या कॉननच्या कथा आणि फ्रिट्झ लायबरच्या दोन भटक्या मित्रांच्या कथा वाचकांना पुन्हा मिळू लागल्या.

गायगॅक्सचा जीव या दुसऱ्या गटात होता. १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ला त्याने आपल्यावरील प्रभावांची यादी परिशिष्ट म्हणून जोडली. ती ‘अपेंडिक्स एन’ या नावाने प्रसिद्ध आहे आणि आजही वाचक ती हातात धरून जुनी पुस्तके शोधतात. त्यात टॉल्किन आहे, पण सर्वांत जवळचा प्रभाव म्हणून डी कॅम्प आणि प्रॅट, हॉवर्ड, लायबर, जॅक व्हान्स, लव्हक्राफ्ट आणि मेरिट यांचा उल्लेख आहे. मार्च १९८५ मध्ये ‘ड्रॅगन’ मासिकात गायगॅक्सने टॉल्किनचा प्रभाव वरवरचा असल्याचे प्रतिपादणारा लेखही लिहिला.

उधारी नेमकी कुठे आहे ते दाखवता येते. खेळातील जादूगार सकाळी मंत्र पाठ करतो आणि एकदा उच्चारला की तो मंत्र त्याच्या स्मरणातून पुसला जातो. ही विलक्षण कल्पना व्हान्सच्या १९५०च्या ‘द डाइंग अर्थ’मधली. वेक्ना या दुष्ट जादूगाराच्या नावात व्हान्सच्याच नावाची अक्षरे उलटसुलट केलेली आहेत. जखमा आपोआप भरून येणारा आणि आगीला भिणारा ट्रोल पोल अँडरसनच्या कादंबरीतला. व्यवस्था आणि गोंधळ या दोन बाजूंचा सनातन झगडा अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्याकडून आला. ‘ब्लॅकमूर’मध्ये एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच्च झाले आणि कोणाला आवरेना, तेव्हा त्याच्यावर उतारा म्हणून धर्मोपदेशक योद्धा तयार झाला, तो ड्रॅक्युलाच्या चित्रपटांवर बेतलेला. टॉल्किनकडून आले हॉबिट, ओर्क, एंट हे चालते वृक्ष आणि रानावनांत फिरणारे रेंजर. टॉल्किनचे हक्क सांभाळणाऱ्यांनी कायदेशीर हरकत घेतल्यावर १९७७च्या सुमारास हॉबिटचा ‘हाफलिंग’ झाला आणि एंटचा ‘ट्रीअंट’.

तेव्हा ऋण कोणाचे मोठे? खेळाच्या चेहऱ्यावर टॉल्किन आहे आणि हाडामांसात लायबर-हॉवर्ड-व्हान्स. टॉल्किनचा नायक स्वतःजवळची वस्तू नष्ट करायला निघतो. या खेळातली टोळी भुयारात शिरते ती खजिन्यासाठी, आणि मूळ नियमांत अनुभवाचे गुणही मुख्यतः सोने बाहेर आणल्याबद्दल मिळत.

प्लास्टिकची खेळणी आणि वाघाच्या तोंडाचा राक्षस

सगळीच उधारी पुस्तकांची नव्हती. गायगॅक्सला स्वस्त दुकानात हाँगकाँगमध्ये बनलेल्या प्लास्टिकच्या ‘प्रागैतिहासिक प्राण्यांची’ एक पिशवी मिळाली. त्यातले प्राणी कोणत्याही काळात पृथ्वीवर नव्हते. एकाच्या शेपटीला पंख्याच्या पात्यांसारखे टोक होते. त्याला ‘रस्ट मॉन्स्टर’ असे नाव मिळाले. तो माणसाला इजा करत नाही. त्याच्या मिशांचा स्पर्श झाला की लोखंड गंजून जाते. ड्रॅगनसमोर छाती काढून उभा राहणारा चिलखतधारी योद्धा या प्राण्याला पाहून पळ काढतो. अस्वलाचे धड आणि घुबडाचे डोके असलेला ‘आउलबेअर’ही त्याच पिशवीतला. दोघेही १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत दाखल झाले.

भारतीय वाचकाला अधिक नवल वाटेल ते राक्षसाचे. डिसेंबर १९७५ मध्ये टीएसआरच्या नियतकालिकात ‘राक्षस’ या नावाचाच जीव अवतरला. तो आला अमेरिकेतल्या ‘कोल्चॅक’ या भयमालिकेच्या १९७४च्या एका भागातून. त्या भागातला राक्षस बळीला त्याच्या विश्वासातल्या माणसाचे रूप घेऊन भेटतो आणि मंतरलेल्या बाणानेच मरतो. खेळात हे दोन्ही गुणधर्म आले. १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये चित्रकार ट्रॅम्पियरने त्याला वाघाचे तोंड, उंची कोट आणि हातात पाइप दिला, आणि तेव्हापासून खेळातला राक्षस बहुधा वाघमुखीच असतो. मायावी रूप घेणारा मारीच आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे रूपबदल ओळखीचा वाटतो. उंची कोट आणि पाइप मात्र रामायणात शोधू नयेत. पुढे ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या १९८०च्या पुस्तकात इंद्र, अग्नी यांनाही जीवशक्तीचे आकडे देण्यात आले.

परतफेड

खेळाने पुस्तकांकडून घेतले ते फेडलेही. सर्वांत सुरेख फेड लायबरची. त्याने आणि त्याचा मित्र हॅरी फिशर याने १९३७ मध्ये आपल्या लांखमार या काल्पनिक नगरीचा घरगुती पटखेळ बनवला होता. १९७६ मध्ये टीएसआरने तो छापून बाजारात आणला.

१९८२ची रेमंड फाइस्टची ‘मॅजिशियन’ ही कादंबरी कॉलेजातल्या मित्रांनी खेळासाठी रचलेल्या मिडकेमिया या जगात घडते. १९८४ मध्ये मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची ‘ड्रॅगनलान्स’ मालिका खेळाच्या साहसांसोबतच लिहिली गेली आणि टीएसआरला पुस्तकविक्रीचा नवा धंदा सापडला. जॉर्ज मार्टिन यांची ‘वाइल्ड कार्ड्स’ ही संपादित मालिका न्यू मेक्सिकोतल्या मित्रमंडळाने खेळलेल्या ‘सुपरवर्ल्ड’ या खेळातून उगवली. स्टीव्हन एरिक्सन आणि इयन एस्लमाँट या दोघा कॅनेडियन पुरातत्त्वज्ञांनी आपले मालाझान साम्राज्य आधी फाशांनी खेळले आणि मग लिहिले. जपानमध्ये १९८६ पासून ‘कॉम्पटिक’ मासिकात एका गटाच्या डावाचे शब्दांकन क्रमशः छापले गेले. त्यातून र्यो मिझुनो यांची ‘रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर’ ही कादंबरी आली आणि जपानी अद्भुतकथेला नवे वळण लागले. २०१५ पासून ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमात आवाजाचे कलावंत आपला डाव जगासमोर खेळतात. त्यावर बेतलेल्या ॲनिमेशनपटासाठी २०१९ मध्ये चाहत्यांनी एक कोटी दहा लाख डॉलरहून अधिक वर्गणी दिली.

आक्षेप: खोटे आणि खरे

१९७९ मध्ये मिशिगनमधील सोळा वर्षांचा एक विद्यार्थी विद्यापीठातून नाहीसा झाला. तो हा खेळ खेळत असे, एवढ्यावरून खेळाच्या नादात तो बोगद्यांत हरवला अशी आवई उठली. खरे कारण त्याच्या खिन्नतेत होते. पण १९८०च्या दशकात हा खेळ मुलांना सैतानपूजेकडे आणि आत्महत्येकडे नेतो, असा प्रचार अमेरिकेत जोरात झाला. खेळ आणि आत्महत्या यांचा संबंध संशोधकांनी तपासला, तो आढळला नाही. ओरड विरली. दरम्यान विक्री वाढली होती.

खरे आक्षेप वेगळे आहेत. पहिला वंशाचा. ओर्क जन्मतःच दुष्ट, अशी मांडणी अनेक वर्षे चालली. एखाद्या जमातीला जन्मावरून स्वभाव चिकटवण्याची ही सवय वाचक आणि खेळाडूंना खटकू लागली. आजच्या प्रकाशक कंपनीने २०२० मध्ये ती बदलण्याचे जाहीर केले आणि २०२४च्या नियमांत ‘रेस’ हा शब्दही काढून टाकला. हा बदल योग्यच होता.

दुसरा आक्षेप साहित्याचा आहे. अर्सुला ल ग्विन यांनी खेळ येण्याच्या आधीच, १९७३च्या एका निबंधात, अद्भुतकथेचा प्राण तिच्या भाषेत असतो असे मांडले होते. नावे बदलून जी कथा वॉशिंग्टनच्या राजकारणाची म्हणून खपेल, ती अद्भुत नव्हे. मूरकॉकने १९७८ मध्ये उलट बाजूने टॉल्किनवरच टीका केली: असले लेखन वाचकाला अंगाई गाऊन निजवते, असा त्याचा आरोप. खेळाने अद्भुताला आकडे लावले. आगीच्या गोळ्याच्या स्फोटाची त्रिज्या वीस फूट, इजा आठ फाशांची, सरासरी अठ्ठावीस. अशा हिशेबावर वाढलेल्या लेखकांच्या शेकडो कादंबऱ्यांत तीच खाणावळ, तोच म्हातारा जादूगार आणि तोच नकाशा आढळतो, हे मान्य करावेच लागते. पण आकडे केवळ निकाल लावतात. गॉब्लिनला हाक मारायची की भाला, हा निर्णय टेबलाभोवतीच्या माणसांचा असतो, आणि चांगला डाव चांगल्या कथेसारखाच त्या निर्णयांवर उभा राहतो. दोष आकड्यांचा नाही, वाचन थांबवलेल्या लेखकांचा आहे. गायगॅक्सने नियमांसोबत पुस्तकांची यादी दिली होती ती याचसाठी.

मराठी वाचकाला या प्रकाराचे वावडे असण्याचे कारण नाही. आपल्या कादंबरीच्या पहिल्या दशकांतच हळब्यांच्या ‘मुक्तामाला’पासून (१८६१) अद्भुतरम्य कादंबऱ्यांची परंपरा सुरू झाली होती. आणि खेळ मराठीत आणायला आता परवान्याचीही आडकाठी नाही. जानेवारी २०२३ मध्ये खेळाच्या परवान्यावरून मोठा वाद झाला आणि चाहत्यांच्या संतापापुढे कंपनीला नमते घ्यावे लागले. पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम तिने क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली कायमचे खुले केले. मूळ श्रेय नमूद केले की कोणीही, कोणत्याही भाषेत, ते नियम भाषांतरित करू शकतो, बदलू शकतो, विकू शकतो. त्या खुल्या नियमांत राक्षसही आहे. ज्यांना तो चुकीचा वाटतो, त्यांनी मराठीत तो नीट लिहून काढावा. परवानगी मागण्याची गरज उरलेली नाही.